डोक्याला मार लागलेल्यांसाठी टीएमएस
‘टीएमएस (डोक्याबाहेरून चुंबकाने मेंदूला चालना देण्याचा उपचार) म्हणजे शॉक नव्हे, भूलही लागत नाही’ असं म्हणतात, ते बरोबर. पण म्हणून अपघातात डोक्याला मार लागलेल्यालाही बिनधास्त द्या, हे पटत नाही. चुंबकाची ताकद किती पातळीला अंगठा हलतो त्यावरून ठरते, नैराश्यात सहसा तिच्या १२० टक्के. मार नेमका मेंदूच्या अंगठा हलवणाऱ्या भागाला असेल तर अंगठा हलायला जास्त ताकद लागते आणि मात्रा नकळत जास्त बसते. फिट येण्याची भीती तिथेच. म्हणून जुना एमआरआय दाखवा. डोक्यात क्लिप, प्लेट किंवा शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी काढणारी नळी) असेल तर आधीच सांगा (प्रोग्रॅमेबल शंटची सेटिंग चुंबकाने बदलू शकते).

स्मरणशक्तीसाठी मात्र पुरावा अजून कच्चाच. शिवाय सिन्नर-निफाडहून नाशिकला आठवड्यात ५ दिवस, ४ ते ६ आठवडे येणं जमेल का? थीटा बर्स्ट या टीएमएसच्या झटपट प्रकाराचं सत्र ३ मिनिटांचं असलं, तरी फेऱ्या तेवढ्याच.