सभागृहाला रॅम्प करायचाय: ठेकेदार आठ फुटांत बसवतो म्हणतोय, चालेल का?

प्रश्न – लष्करी_आळी
आमच्या मंडळाचं सभागृह इंदूरच्या पश्चिम भागात आहे. गणेशोत्सवाआधी दाराशी रॅम्प करायचाय. चार पायऱ्या, ओटल्याची उंची 60 सेंमी. इमारतीचा दर्शनी भाग 30 फूट, समोर कंपाउंडपर्यंत 20 फूट मोकळं. दार उजव्या टोकाला आहे, बाहेर उघडतं. ठेकेदार पायऱ्यांवरच आठ फुटांचा पॉलिश ग्रॅनाइटचा उतार करून देतो म्हणतो. समितीतले काही काका म्हणतात, एवढा खर्च कशाला, चार मुलं मिळून चाकांची खुर्ची उचलून आत आणतील. जाणकारांनी सांगावं.

उत्तर – उतार_आणि_चढ
आठ फूट म्हणजे 2.4 मीटर. त्यात 60 सेंमी चढायचं तर उतार 1:4 झाला. ती घसरगुंडी आहे. चढताना खुर्ची मागे कलंडते, उतरताना मागून धरणाऱ्यालाही आवरत नाही. किमान 1:12 हवा, म्हणजे 7.2 मीटर चढ. जागा आहे तुमच्याकडे, फक्त सरळ रेषेत बसणार नाही. काटकोनात वळवा.

डाव्या कंपाउंडच्या भिंतीलगत पहिला टप्पा 2.4 मीटर, त्यात 20 सेंमी चढ. कोपऱ्यात सपाट जागा, निव्वळ 1.5 बाय 1.5 मीटर. मग इमारतीच्या भिंतीलगत दुसरा टप्पा 4.8 मीटर, उरलेला 40 सेंमी चढ. कठडे आणि कडा धरून रॅम्पची रुंदी 1.7 मीटर धरली, तरी तळाशी 1.5 मीटर सपाट जागा सोडून सगळं 20 फुटांत बसतं. वर दारापुढे 1.5 मीटर सपाट जागा धरूनही दाराच्या बाजूला साधारण मीटरभर शिल्लक राहतं. ते वरच्या सपाट जागेला जोडा, कारण दार बाहेर उघडतं. दाराचं पान फिरताना खुर्चीतल्या माणसाला उतारावर मागे सरकावं लागता कामा नये.

पायऱ्या तोडू नका. कुबड्या किंवा कृत्रिम पाय वापरणाऱ्या बऱ्याच जणांना उतारापेक्षा कठड्याची पायरी सोपी जाते. ठेकेदाराच्या नकाशात त्याच बुजतात.

उत्तर – चाकाखालची_फरशी
वरचं माप बरोबर आहे. पण रॅम्प वाया जातो तो बहुधा पृष्ठभागामुळे आणि कठड्यामुळे. ग्रॅनाइट नकोच. पॉलिश न केलेला कोटा किंवा ओलं असतानाच झाडू फिरवून खरखरीत केलेलं सिमेंट काँक्रीट घ्या. स्कूटर चढवायच्या उतारावर असतात तशा खोल खाचा पाडू नका, खुर्चीची पुढची छोटी चाकं त्यात अडकतात. आणि गच्चीचा पावसाचा पाइप दर्शनी भिंतीवरून खाली येतो का, ते आधी बघा. येत असेल तर त्याचं तोंड दुसरीकडे वळवा, नाहीतर पाणी थेट रॅम्पवर पडेल आणि जुलैपासून तिथे शेवाळ धरेल.

कठडा दोन्ही बाजूंना, दोन उंचींवर: 760 आणि 900 मिमी. नळी 38 ते 45 मिमी जाडीची, भिंतीपासून 50 मिमी सुटी, म्हणजे मूठ पूर्ण बसते. सुरुवातीला आणि शेवटी 300 मिमी पुढे काढून टोक खाली वळवा. उघड्या बाजूला 75 ते 100 मिमी उंच कडा हवी, नाहीतर चाक कडेवरून उतरतं. उंबरा असेल तर काढून टाका.

दार निव्वळ 900 मिमी उघडलं पाहिजे. शौचालयाचंही तेच माप, शिवाय ते दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत पडलेला माणूस आत उघडणाऱ्या दाराला अडला, तर बाहेरून दार ढकलता येत नाही.

उत्तर – कलम_पंचेचाळीस
काकांना कायदा दाखवा. दिव्यांगजन अधिकार अधिनियम 2016 प्रमाणे लोकांच्या वापरातली खासगी इमारतही सार्वजनिक इमारतच ठरते, सांस्कृतिक कामांची जागा त्यात स्पष्ट आहे. सुगम्यतेचे नियम सक्तीचे असलेच पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रातुरी प्रकरणात सांगितलं.

उचलून आणण्याबद्दल: बॅटरीची खुर्ची माणसाशिवायच बऱ्याचदा 50 किलोच्या पुढे जाते. मुलं तिला हँडल आणि पायटेकाला धरून उचलतात, नेमके तेच भाग निखळतात. आणि आत आणलेल्या माणसाला मधेच घरी जायचं झालं तर? चार जण शोधा, त्यांना विनवा. आपल्या मर्जीने यावं आणि निघावं, एवढं साधं स्वातंत्र्य उचलणाऱ्यांच्या सोयीवर टांगून ठेवू नये.

लष्करी_आळी
मनापासून आभार. ठेकेदाराला नवा नकाशा देतो. रॅम्प झाल्यावर आणखी काय बघावं?

उत्तर – चाकाखालची_फरशी
व्यासपीठ. बक्षीस घेणारा खाली आणि देणारे वर, हे दृश्य फार मंडळांत दिसतं. 45 सेंमी उंचीला 5.4 मीटरचा उतार लागतो. तेवढी जागा नसेल तर बक्षीससमारंभ सगळ्यांसाठीच खाली, सभागृहाच्या जमिनीवर करा.

व्याख्यानाला सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलावलात तर तासापुढच्या कार्यक्रमाला दोघे लागतात, वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून. विषयाचं टिपण त्यांना आधी द्या, उभं राहायची जागा वक्त्याशेजारी ठेवा. पडद्यावर काही दाखवताना सभागृह काळोखं केलंत तरी दुभाष्यावर दिवा राहू द्या. इथल्या बऱ्याच कर्णबधिरांचं शिक्षण हिंदीतून झालेलं असतं, म्हणून पत्रिका मराठीबरोबर हिंदीतही छापा.

आणि चपला. आरतीच्या वेळी दाराशी ढीग पडतो तो नेमका रॅम्पच्या वरच्या सपाट जागेवर. रॅक पायऱ्यांच्या पलीकडे ठेवा आणि तळाशी स्कूटर लागू नयेत म्हणून पिवळे पट्टे मारा. खुर्ची बाहेर ठेवून या असं कुणाला सांगू नका, ती त्यांचे पायच आहे. दाराशी ओलं फडकं ठेवा, चाकं पुसली की झालं.