चर्चची जुनी रजिस्टरं आणि ऐंशीपुढची माणसं: सुरुवात कुठून करू?

घाटमाथा

सगळ्यांना सलाम. मी घाटातल्या एका रेल्वेच्या गावची. आमचं चर्च मेथडिस्ट (प्रोटेस्टंटांतला एक पंथ), मंडळी मराठी, सव्वाशे वर्षं कधीच होऊन गेलीत. यंदा पास्टोरेट कमिटीने स्मरणिका काढायचं ठरवलंय आणि ते काम माझ्याकडे आलंय, कारण मी शाळेत मराठी शिकवायचे आणि आता निवृत्त आहे.

स्मरणिकेचा साचा तुम्हाला माहीतच असेल. बिशपसाहेबांचा संदेश, डी.एस. साहेबांचा (डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट) संदेश, आजवरच्या पाळकांची नावं-फोटो, शेवटी जाहिराती. पाळकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आपल्यात पाळकांची बदली होते. कॉन्फरन्सच्या, म्हणजे वार्षिक सभेच्या, शेवटी बिशप नेमणुका वाचतात आणि इकडे पाळकीणबाई ट्रंका काढायला लागतात. मंडळी मात्र जागच्या जागी असते. मग मंडळीचा इतिहास पाळकांच्या यादीत कसा मावणार?

गेल्या महिन्यात व्हेस्ट्रीतलं, म्हणजे चर्चला लागून असलेल्या खोलीतलं, लाकडी कपाट उघडलं. खालच्या फळीला वाळवी. बाप्तिस्म्याची चार रजिस्टरं, लग्नाची दोन, संडे स्कूलच्या हजेरीच्या वह्या. एक रजिस्टर ओल लागून असं चिकटलंय की पानं सुटतच नाहीत. कपाटामागची भिंत किती पावसाळे पाझरत होती कोण जाणे. आम्ही दर रविवारी त्याच भिंतीच्या अलीकडे बसून गात होतो, आणि आमच्यापैकी एकालाही कपाट उघडून बघावंसं वाटलं नाही. त्याचं फार वाईट वाटतंय.

सगळ्यांत जुन्या वहीत माझ्या पणजोबांची नोंद मिळाली. इंग्रजीत, तपकिरी पडलेल्या शाईत. नाव, तारीख, वय अंदाजे ८. बापाच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ. आईच्या रकान्यातही रेघ. शेऱ्यात एकच शब्द: दुष्काळ. छप्पन्नच्या (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० च्या) दुष्काळात मिशनने पोरकी मुलं सांभाळली हे घरात ऐकलं होतं. पण ती रेघ बघितली आणि मी वही मिटून बाकावर बसून राहिले. रेघ पट्टी लावून ओढलेली आहे, जराही वाकडी नाही. त्या एका पानावर अशी अकरा मुलं आहेत.

पुढच्या वह्यांत बापाचा धंदा येऊ लागतो. फायरमन, पॉइंट्समन, गँगमन, खानसामा. एका नोंदीत आईच्या नावापुढे बायबल वुमन, म्हणजे घरोघर जाऊन बायकांना बायबल शिकवणारी.

तर मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही रजिस्टरं वाचवायची कशी? मंडळीत ऐंशीच्या पुढची सात-आठ माणसं उरलीत, त्यांना काय विचारू? मी 'चर्चचा इतिहास सांगा' म्हटलं की ती पाळकांची नावं सांगतात आणि गप्प होतात. आणि मेथडिस्ट लोक आमच्या घाटात आले तरी कसे? तरुण संघातली मुलं विचारतात, आपण सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) का नाही, आणि मला धड उत्तर देता येत नाही.

भायखळा_लोकल

सलाम ताई. तिसऱ्या प्रश्नाचं मला जमेल तेवढं सांगतो.

जॉर्ज बोवेन हे अमेरिकन मिशनरी १८४८ साली मुंबईत आले. थोड्याच दिवसांत त्यांनी मिशनचा पगार घेणं सोडलं, बाजारवस्तीत एका साध्या खोलीत राहिले, रस्त्यावर उभं राहून मराठीत उपदेश केला, 'बॉम्बे गार्डियन' नावाचं पत्र चालवलं. ते तेव्हा मेथडिस्ट नव्हते. १८७१ च्या अखेरीस अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर मुंबईत आले, त्यांच्या सभांमधून घराघरांत छोटे छोटे गट उभे राहिले आणि त्यातून मेथडिस्ट मंडळी झाली. बोवेन त्या कामात सामील झाले आणि १८८८ मध्ये मुंबईतच वारले. कुलाब्याचं बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं.

टेलर यांचा हट्ट असा की मंडळीने आपला खर्च आपणच उचलायचा, परदेशातून पैसा आणायचा नाही. त्यामुळे सुरुवात इंग्रजी बोलणाऱ्या नोकरदारांत झाली. त्यांत अँग्लो-इंडियन लोक पुष्कळ, आणि रेल्वेवालेही पुष्कळ. मराठीतलं काम पुढे वाढत गेलं. तुमच्या वहीतले फायरमन आणि पॉइंट्समन याच वाटेवरचे असणार. मंडळी रुळांच्या कडेने वाढली असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात, ते मला अगदी पटतं.

सीएनआयचं असं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट गेले. आपली परंपरा अमेरिकन. बोलणी बरीच वर्षं चालूनही आपण शेवटी बाहेर राहिलो आणि १९८१ मध्ये मेथडिस्ट चर्च इन इंडिया हे स्वायत्त चर्च झालं. मुलांना हेही सांगा की दोन्हीकडे गाणी 'उपासना संगीत' या एकाच गीतपुस्तकातली आहेत आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं दोन्हीकडे तितक्याच जिव्हाळ्याने गातात.

अजून एक. घराघरांत बसायची पद्धत थेट मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्यापर्यंत जाते. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं. बारा-बारा माणसांचे गट केले, आठवड्याला माणशी एक पेनी, आणि एकाने घरोघर जाऊन ती गोळा करायची. तो दारात गेला की घरातलं दुखणं-खुपणं कळायचं, भांडणं कळायची. वर्गणीसाठी काढलेला गट एकमेकांची विचारपूस करणारा गट झाला. तुमच्याकडे बुधवारची घरची प्रार्थना होत असेल तर ती कुठल्या घरात, कुठल्या चाळीत व्हायची, हे नक्की लिहून घ्या.

बासन

मी जुन्या कागदपत्रांच्या जतनाचं काम करते. ताई, चिकटलेली पानं सुरी-पट्टी घालून सोडवू नका, उन्हातही ठेवू नका. ते रजिस्टर तसंच कोरड्या, हवेशीर जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. बाकीची आधी त्या कपाटातून बाहेर काढा, भिंतीपासून लांब, जमिनीपासून वर. मऊ ब्रशने धूळ झटका. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायचा नाही, आणि लॅमिनेशन तर अजिबातच नाही. लोक प्रेमाने लॅमिनेशन करतात आणि पान कायमचं जातं.

तुम्ही म्हणता ती तपकिरी शाई बहुधा लोहाची. ती हळूहळू कागद खाते, त्यामुळे फोटो काढायला उशीर करू नका. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, एका वेळी एक पान. फाइलला नाव देताना रजिस्टर, वर्ष, पान क्रमांक. घाटातल्या पावसात वह्या उघडूच नका, हे काम दिवाळीनंतरचं. पोथी बासनात बांधतात तशी धुतलेल्या, बिनरंगाच्या सुती कापडात बांधून ठेवा. लग्नाची रजिस्टरं १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखालची आहेत, लोकांना आजही त्यांचे दाखले लागतात. ती चर्चबाहेर कुणाच्या घरी नेऊ नका, तुमच्यासुद्धा नाही.

आणि एक विनंती. अशा वह्यांत बऱ्याचदा आधीची जात लिहिलेली असते. ते पान स्मरणिकेत छापण्याआधी त्या घरच्यांना विचारा. राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, आणि कित्येक घरांत हा विषय अजून ओला आहे. काहींना ते अभिमानाने सांगायचं असतं, काहींना नको असतं. दोघांचंही ऐकायला हवं.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ड्र्यू विद्यापीठात मेथडिस्टांचं मोठं दफ्तर आहे. मिशनच्या काळातल्या फोटोंचे अल्बम तिथे जपलेत. पत्र लिहून बघा.

पायपेटी

बाई, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. चाळीस वर्षं चर्चमध्ये पायपेटी वाजवली. म्हाताऱ्यांना काय विचारायचं ते मला विचारा!

इतिहास विचारू नका. विचारा, तुम्ही कुठल्या बाकावर बसायचा? शेजारी कोण? घंटा कोण वाजवायचं? नाताळचा केक कुठल्या बेकरीत भाजायचा? आमच्याकडे रवा, अंडी, तूप सगळं घरून न्यायचं, पत्र्याच्या ट्रेवर नावाची चिठ्ठी लावायची आणि भट्टीपुढे रात्र काढायची. करंज्या घरोघर बनायच्या, पण केकची ती रात्र सगळ्या मंडळीची असायची.

हंगामाच्या सणाचा लिलाव विचारा. वेदीपुढे भोपळे, केळीचे घड, कणसं, कोंबडी. आमच्याकडे एका विधवा बाईने एकच अंडं आणलं होतं. पहिल्याने बोली लावून घेतलं आणि परत वेदीवर ठेवलं, दुसऱ्याने घेतलं, परत ठेवलं. त्या दिवशी सगळ्यांत जास्त पैसे त्या अंड्याचे झाले. मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. बाई मागच्या बाकावर पदराने डोळे पुसत होती.

३१ डिसेंबरची रात्र विचारा. साक्षी व्हायच्या, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते लोक उठून सांगायचे, वर्षभराचं वैर लोक तिथेच मिटवायचे. बाराला गुडघ्यांवर. मग नव्या वर्षाची कराराची उपासना. वेस्लींनी ती १७५५ मध्ये सुरू केली असं आमचे पाळकसाहेब सांगायचे. 'मी आता माझा नाही, तुझा आहे' हे सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं. माझे वडील इंजिनावर होते. ड्युटी असली की ते वाक्य घरीच म्हणून निघायचे, डबा हातात धरून.

आणि फोन त्यांच्यापुढे उभा करून रेकॉर्ड करा. गायला सांगा. जुन्या चाली पुस्तकात नाहीत, त्यांच्या गळ्यात आहेत.

घाटमाथा

तुम्हा सगळ्यांचे फार आभार. पायपेटी काका, तुमचा सल्ला घेऊन काल मंडळीतल्या सगळ्यांत मोठ्या आजींकडे गेले. वय ८९. बाक कुठला, एवढंच विचारलं. डावीकडचा चौथा, खांबाजवळ, कारण खांबाआड बाळाला पाजता यायचं. मग दोन तास थांबल्या नाहीत.

मी सोबत पणजोबांच्या लग्नाच्या नोंदीचा फोटो नेला होता. तिथे बापाच्या रकान्यात रेघ नाही, एक नाव आहे, आणि ते आमच्या घरात कुणालाही माहीत नव्हतं. आजींनी ऐकताक्षणी ओळखलं. त्यांच्या सासूबाई सांगायच्या, तो मिशनच्या बोर्डिंगचा स्वयंपाकी. पोरांना रात्री भाकरी वाढायचा, आणि लग्नं ठरली की नवरदेवांच्या बाजूने उभा राहायचा.

मी परत येऊन दुसरी पानं चाळली. त्या अकरांपैकी चौघांच्या लग्नात तेच नाव आहे.

बासनताई, वह्या आज वरच्या खोलीत हलवल्या, कापड धुऊन वाळत घातलंय. ते पान छापायचं की नाही, हे आधी माझ्या भावंडांना विचारते, मग बाकीच्या दहा घरांना.