सेकंडहँड ऑडी टीटी घ्यायलोय, वर्षाचा मेंटेनन्स किती येईल?

जिंतूर_रोड:
नमस्कार मंडळी, परभणीचा आहे. २०१६ ची टीटी बघून ठेवलीय, पेट्रोल, क्वाट्रो (म्हणजे चारी चाकांना ताकद), ४८ हजार किमी चाललेली. नवी असताना साठ लाखाला होती, आता मिळायलीय क्रेटाच्या भावात, म्हणून जीव अडकलाय. गाडी दिल्ली पासिंग आहे. महिन्यातून दोन-तीनदा संभाजीनगर नाहीतर नांदेड, बाकी घरीच उभी. घरचे म्हणायले घेणं सोपंय पोसणं अवघडंय. कुणी वापरत असंल तर खरे आकडे सांगा राव, यूट्यूबवाल्यांचे नको.

एमएच२०_टर्बो:
वापरतो, म्हणून सांगतो. इन्शुरन्स आयडीव्हीवर आहे, म्हणजे कंपनी गाडीची आजची किंमत धरती त्यावर, ती अठरा-वीस लाख धरली तर पन्नासएक हजार धरून चाला, त्यात थर्ड पार्टी ७,८९७ फिक्स कारण इंजिन १५०० सीसीच्या वर आहे. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप (पार्टची झीज न कापता पैसे देणारं कव्हर) बहुतेक कंपन्या देत नाहीत, म्हणजे बंपर ठोकला तर प्लास्टिकचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून. सर्व्हिस बाहेर चांगल्या माणसाकडं केली तर २५-३० हजार, शोरूमला पन्नासच्या आसपास. टायर १८ इंची, चारचा सेट ७५-८५ हजार, आणि क्वाट्रो असल्यामुळं एकच टायर बदलून जमत नाही, चारी सारखे झिजलेले पाहिजेत. पेट्रोल वर्षाला पाच हजार किमी धरा, ॲव्हरेज नऊ, म्हणजे साडेपाचशे लिटर, साठ हजार. वर लाखभर बाजूला ठेवायचे, कशासाठी ते गाडी सांगती. टायर दरवर्षी लागत नाहीत, ते सोडून सगळं मिळून अडीच लाखाच्या आसपास.

सोयाबीन_ते_सुपरकार:
परभणीत पेट्रोल भरून स्पोर्ट्स कार 😄 राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल म्हणून दरवेळी तुमचंच नाव पेपरात येतं, मनमाडहून टँकर येईपर्यंत भाव चढलेला असतो. टाकी संभाजीनगरला फुल करत जा.
बाकी २०१० ला आपल्या संभाजीनगरात एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या लोकांनी, तेव्हा कुणी मेंटेनन्स विचारला होता का, घ्या बिनधास्त.

शेंद्रा_रिटर्न:
वरच्यांनी मस्करी केली पण संभाजीनगरजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना असल्याचा फायदा खराच आहे. ऑडी म्हणून लोक घाबरतात, पण आत तेच ईए८८८ कुटुंबातलं इंजिन आहे जे सुपर्ब-ऑक्टाव्हियात येतं, त्या गाड्या इथंच जोडल्या जायच्या, त्यामुळं हात बसलेले मेकॅनिक इकडं सापडतात अन् इंजिनाचे बरेच पार्ट स्कोडाच्या नंबरवर स्वस्तात निघतात. बॉडी मात्र वेगळी गोष्ट. टीटी हंगेरीहून तयार यायची, हेडलाइट फुटला तर वाट बघत बसा, अन् बिल बघून परत बसा.
घ्यायच्या आधी बॉनेट उघडून वॉटर पंप-थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगकडं बॅटरी मारून बघा. ते प्लास्टिकचं असतं, जुनं झालं की कूलंट झिरपतं अन् वाळून गुलाबी पापुद्रा धरतो. तसं दिसलं तर भाव पाडा. गिअरबॉक्सचं ऑइल ६० हजाराला असतं, तुमचं तोंडावर आलंय, फिल्टरसकट पंधरा-वीस हजार. हॅल्डेक्सचं (मागच्या चाकांना ताकद देणारा क्लच) ऑइल तीन वर्षांनी, ते सहसा कुणीच बदललेलं नसतं.

बालाघाट_ड्रायव्हर:
खर्च चालवण्यात नाही उभं ठेवण्यात आहे. बॅटरी बसती, टायरला सपाट डाग पडतात, उन्हाळ्यात रबर वाळतं. टायरवर चार आकडे बघा, २३१९ लिहिलं असंल तर २०१९ चा तेविसावा आठवडा, म्हणजे रबर किती का भरलेलं दिसंना, सेटचे पैसे आताच धरा. अन् ऊसाच्या सीझनला ट्रॉल्यांनी कडा खचवलेले रस्ते, गावागणिक पट्टे न मारलेले स्पीडब्रेकर, गाडी एवढी खाली की पोट घासणारच. बंद पडली तर साध्या टोइंगनं ओढू नका, क्वाट्रोला फ्लॅटबेडच (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) लागतो, परभणीहून संभाजीनगर दोनशे किमी, ते बिल वेगळं.

एमएच२०_टर्बो:
दिल्ली पासिंग कुणी धरलंच नाही. एनओसी आणा, इथं एमएच २२ ला टॅक्स परत भरा. गाडीच्या वयाप्रमाणं कमी होतो पण हिशोब मूळ किमतीवरून, त्यामुळं रक्कम बारकी नसती. आरटीओत विचारून आकडा घ्या, मगच टोकन द्या. दिल्लीवाला स्वस्त देतो ते उगीच नाही.

जिंतूर_रोड:
धन्यवाद सगळ्यांना. टॅक्सचं तर डोक्यातच नव्हतं, सोमवारी आरटीओत जातो. टायरचा फोटो मागवला, चारी २०१८ सालचे आहेत, डीलर म्हणतोय ‘सर टायर तो नये जैसे है’. किती पाडू भाव?

शेंद्रा_रिटर्न:
सेटचे ऐंशी अन् गिअर ऑइलचे वीस, एक लाख सांगा. पन्नासवर आला तरी घाई करू नका, अशा गाडीला परभणीत दुसरं गिऱ्हाईक नाही अन् दिल्लीत पेट्रोल गाडी पंधरा वर्षांत बाद करायचा जो नियम आला होता तोच त्याला दिसायलाय.