शब्दचर्चा: वाचताना लिहायची वही – रोजनिशी, प्रतिक्रियावही की टिपणवही?

प्रश्न: पुण्यात एम.ए. मराठी करते आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ अभ्यासताना मनात येईल ते एका वहीत लिहीत जायचं आहे. मॅडम तिला ‘वाचन-रोजनिशी’ म्हणतात, वर्गात काही जण ‘प्रतिक्रियावही’ म्हणतात. मी वहीवर ‘रसग्रहण’ लिहून ठेवलंय. नेमका शब्द कोणता?

उत्तर: ‘रसग्रहण’ आधी खोडा. ते पुस्तक पूर्ण झाल्यावर नीट मांडून लिहायचं असतं. या वहीत अर्धवट वाक्यं, फसलेले अंदाज, चिडचीड सगळं चालतं. किंबहुना तेच हवं असतं.

‘रोजनिशी’ शब्द सुंदर आहे. यातली ‘निशी’ म्हणजे रात्र नव्हे. फारसीत रोज म्हणजे दिवस आणि नविशी म्हणजे लेखन. फडणीस, चिटणीस यांतला ‘नीस’ही त्याच घरचा. पण म्हणूनच रोजनिशीचं माप दिवस ठरतं. कादंबरी वाचताना आपण दिवसागणिक थांबत नाही. प्रकरण संपलं की थांबतो, नाहीतर एखाद्या वाक्यापाशी अडतो. ही कादंबरी तर १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. तिच्या पहिल्या वाचकांनीही ती थांबत थांबतच वाचली.

आता ‘प्रतिक्रिया’. कादंबरीतल्या एका पात्राबद्दल ‘शंकरमामंजींचा भयंकर राग आला’ ही प्रतिक्रिया. खरी आहे, पण तिथेच संपते. त्याऐवजी ‘प्रतिसाद’ म्हटलं की आधी साद ऐकावी लागते. कादंबरीची नायिका यमू स्वतःची गोष्ट मागे वळून सांगते आहे, पुढचं सगळं तिला ठाऊक आहे; मग शंकरमामंजींबद्दल सांगताना ती काय आधीच बोलून जाते आणि काय हातचं राखते? हे लिहिलंत की राग कुठून येतो ते कळायला लागतं.

मला विचाराल तर वहीचं नाव ‘टिपणवही’. पाखरू दाणे टिपतं, टीपकागद शाई टिपतो. वेचण्याचा आणि शोषून घेण्याचा, दोन्ही अर्थ त्यात आहेत. एक मात्र सांभाळा: ते टिपण, ती टिप्पणी. टिप्पणी म्हणजे शेरा. हल्ली दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, ते मला खटकतं.

पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे पृष्ठक्रमांक आणि अडवणारं वाक्य जसंच्या तसं, उजवीकडे तुमचं म्हणणं. पुढे मत बदललं तर जुनं खोडू नका, वेगळ्या शाईने खाली लिहा. पहिल्याच पानावर प्रकाशक आणि आवृत्तीही नोंदवा. अप्पा बळवंत चौकातून घेतलेली प्रत आणि ग्रंथालयातली प्रत यांचे पृष्ठक्रमांक जुळतीलच असं नाही.

आणखी एक प्रश्न: शाळेत ‘टाचण’ म्हणतात, तो शब्द का नको?

उत्तर: टाचण शिक्षक तासाच्या आधी काढतात; काय शिकवायचं ते ठरलेलं असतं. इथे पुढच्या पानावर आपलं काय होणार हेच माहीत नसतं.

प्रश्नकर्ती: मग ‘प्रतिसाद’ हा शब्द सोडून द्यायचा?

उत्तर: मुळीच नाही. वहीवर ‘टिपणवही’ लिहा. आत डाव्या रकान्याला ‘टिपण’, उजव्याला ‘प्रतिसाद’.