ताडोब्याजवळच्या महागड्या लॉजवर राहायचं आहे, पण ते पैसे जंगलाला आणि गावाला लागतात का?

हिंगणघाटचा कास्तकार

नमस्कार मंडळी. आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. कपाशी, तूर, थोडं सोयाबीन. धाकटी बहीण नेदरलँडला असते, ती आणि जावई फेब्रुवारीत येत आहेत. दोघांच्या मनात ताडोब्याला, कोलारा गेटच्या बाजूला, वन्यजीव संवर्धनाला वाहिलेल्या एका लॉजवर राहायचं आहे. आई-बाबांना आणि मलाही नेणार म्हणते.

एका रात्रीचं भाडं ऐकून बाबा बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "एवढ्यात आपल्या वावराला तारेचं कुंपण होते." बाबांनी उमेदीची सगळी वर्षं रानडुक्कर आणि रोह्यांपायी (नीलगायींपायी) मचाणीवर जागल करत काढली. त्यांचा वाघावर राग नाही. त्यांना एवढंच कळायला पाहिजे की हा पैसा वाघाच्या शेजारी राहणाऱ्या माणसापर्यंत पोचतो की नाही.

लॉजवाले लिहितात की झाडं लावली, सौर ऊर्जा आहे, प्लास्टिक नाही, शाळेला मदत करतो. यातलं खरं किती ते घरबसल्या कसं ओळखायचं? फोनवर काय विचारू? बहिणीचं मन मोडायचं नाही, पण बाबांना खरं उत्तर द्यायचं आहे.

नागपूरचा भटक्या

आधी व्यवहाराचं सांगतो. मंगळवारी कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद असतो, तो दिवस मधे येऊ देऊ नका. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, कोअर बंदच. तुम्ही फेब्रुवारीत जाताय म्हणजे ती अडचण नाही, थंडीही सोसवेल अशी असते. सफारीचं बुकिंग लॉजच्या भाड्यात आहे की वेगळं, ते लेखी घ्या. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, जावयांना आधीच सांगून ठेवा. बाकी पैशाचं काय होतं ते गेटवरचं कोणी सांगेल.

कोलारा गेटची गाईड

दादा, मी सांगते. माझं सासर बफरमधल्या, म्हणजे कोअरच्या भोवतालच्या पट्ट्यातल्या, गावात हाय आणि मी जिप्सीवर, सफारीच्या उघड्या गाडीवर, गाईड म्हणून जाते. तुमच्या बाबांसारखा प्रश्न विचारणारे पाहुणे फार कमी येतात, म्हणून जरा लांबडं लिहून राहिली आहे.

पहिलं म्हणजे दोन पैसे वेगळे धरा. गेटवर जी प्रवेश फी भरता ती ताडोबा-अंधारी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानकडे जाते, त्यातून जंगलाची आणि बफरच्या गावांची कामं होतात. जिप्सी आणि गाईड गेटच्या नोंदीतले असतात, पाळीनं नंबर लागते. तो पैसा आमच्या घरात येते, मी त्याच्यावरच पोरीला ब्रह्मपुरीला शिकवून राहिली. पण खोलीचं भाडं लॉजमालकाचं. त्यातलं गावाला किती द्यायचं हे त्याच्या मनावर. म्हणून लॉज संवर्धनाचा आहे का, हे त्या भाड्याचं काय होते त्यावरून पाहायचं. भिंतीवरच्या वाघाच्या फोटोवरून कळत नाही.

फोनवर जमिनीचं विचारा. कोअरमध्ये कोणाचा खाजगी लॉज नाही. आमच्याकडचे लॉज बहुतेक धानाच्या नाहीतर कपाशीच्या वावरांवर उभे झाले. विकणाऱ्यानं पैसे घेतले, घर बांधलं, पोरीचं लग्न केलं, आणि आता तोच माणूस त्याच बांधावर चौकीदार हाय. असे मी रोज पाहते आणि जीव तुटते. कुठं कुठं जमीन भाड्यानं घेतली आहे, सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर हाय, तिथली गोष्ट वेगळी. मग विचारा की आसपासच्या गावचे किती लोक कामावर आहेत आणि कोणत्या कामावर. भांडी, बगीचा, राखण यावर गावचे असतातच. स्वयंपाकघराचा प्रमुख, नॅचरलिस्ट (पाहुण्यांना जंगल समजावून सांगणारा), मॅनेजर यातलं कोणी आमच्यातलं हाय का? उत्तर अडखळलं तर समजून जा.

जेवणाचंही विचारा. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी एचएमटी धान शोधला. त्या जिल्ह्यात राहून पाहुण्याच्या ताटात बाहेरच्या पाकिटातला तांदूळ वाढला तर मला वाईट वाटते. तांदूळ, तुरीची डाळ, भाजी गावातून घेते म्हणणारा लॉज महिन्याला किती घरांना पैसे देते तेही सांगू शकते.

आता कुंपण. बफर म्हणजे वाघाची, बिबट्याची, रानगव्याची ये-जा करायची जागा. एकापाठी एक लॉज, प्रत्येकाला उंच जाळी, मग जनावर वळते आणि कोणाच्या तरी वावरात निघते. मला माहीत असलेल्या एका लॉजनं नाल्याकडची बाजू मोकळीच ठेवली, तिथं जाळी नाही, दिवाही नाही. अंधार पडला की पाहुण्याला एकट्यानं खोलीबाहेर निघू देत नाहीत, माणूस टॉर्च घेऊन सोबत येते. पाहुण्यांना त्याचा त्रास वाटते, पण तुम्ही तिथंच राहा. उजेडाचंही तसंच. नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पानं २०२४ मध्ये अंधाऱ्या आभाळासाठी डार्क स्काय पार्क हा मान मिळवला, मग आमच्या बाजूला लग्नाचे डीजे आणि रातभर फ्लडलाइट कशाला पाह्यजेत?

खोलीसमोर पाणवठा असेल तर मात्र मला धडकी भरते. बाल्कनीतून वाघ दिसावा म्हणून बफरमध्ये पाणी भरून ठेवतात. पाहुणा खूश होते. पण मार्च-एप्रिलात पहाटे आमच्या बाया मोहफुलं वेचायला जातात, वाकून बसतात, मागचं काही दिसत नाही. मे महिन्यात तेंदूपत्ता. गावाच्या जवळ वाघाला पाण्याची सवय लावली तर त्याची किंमत वेचणारी देते. माणूस गेला तर सरकार २५ लाख देते, पण ते घेऊन घर कसं चालते ते त्या घरालाच माहीत. २०२१ च्या नोव्हेंबरात आमच्याच कोलारा भागात वाघांच्या गणनेच्या कामावर पायी गेलेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीनं जीव घेतला. मी त्या रस्त्यानं जाताना अजूनही जिप्सीत बोलत नाही.

आणि खरं संवर्धन कुठं दिसते? वावरातल्या उघड्या विहिरीला कठडा बांधून दिला तर त्यात अस्वल, बिबट पडत नाही. रानडुकरापायी शेतकरी तारेत करंट सोडते आणि त्यात वाघ मरते, तिथं सौरकुंपण करून दिलं तर वाघही वाचते आणि धानही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदान आहे, पण शेतकऱ्याला आपला हिस्सा भरावा लागते, तिथं बरेच अडतात. लॉजनं तो हिस्सा किती जणांचा भरला, हे विचारा. तुमच्या बाबांचं वाक्य ते तसंच लॉजवाल्याला सांगा.

वाचक, वणी

ताईंनी जमिनीचा मुद्दा काढला म्हणून भर घालते. आफ्रिकेत काही ठिकाणी हे वेगळ्या रीतीनं चालतं. केनियात लाईकिपिया भागात इल एन्ग्वेसी नावाचा लॉज १९९६ मध्ये सुरू झाला, तो तिथल्या मसाई समाजाच्याच मालकीचा आहे. नामिबियात १९९६ च्या कायदादुरुस्तीनंतर गावांच्या सामूहिक संस्थांना वन्यजीवांवर हक्क मिळाले, आणि लॉजवाल्याला त्यांच्याशी करार करून उत्पन्नातला वाटा द्यावा लागतो. आपल्याकडे वाघ सरकारचा, जंगल सरकारचं आणि लॉज खाजगी. गाव या तिन्हीच्या मधे उभं आहे. महाराष्ट्रात २०१४ ला १९० वाघ मोजले होते, २०२२ ला ४४४. ही वाढ गावांनी सोसून झाली आहे. म्हणून गावाला लॉजमध्ये भागीदारी मागायचा हक्क आहे, असं मला मनापासून वाटतं.

हिंगणघाटचा कास्तकार

ताई, तुमचं सगळं बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी मधेच थांबवून विहिरीच्या कठड्याचं पुन्हा वाचायला लावलं. दोन लॉजना फोन केले. एकानं "सर, आमचं सीएसआर आहे" (म्हणजे कंपनीचा सामाजिक कामाचा खर्च) एवढंच म्हणून ईमेल करा सांगितलं. दुसरीकडे फोनवर एक मुलगी होती, चिमूर तालुक्यातलीच. जमीन विकत घेतलेली आहे हे तिनं सरळ सांगितलं. तांदूळ आणि भाजी कोणत्या गावातून येते तेही सांगितलं. पाणवठा आहे का विचारल्यावर म्हणाली, होता, गावच्या बैठकीनंतर बुजवला. कुंपणाच्या हिश्शाचं तिला माहीत नव्हतं, मालकाला विचारून दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला. मोजक्याच शेतकऱ्यांचा भरला आहे, असं निघालं. बहिणीनं तिथंच बुक केलं आणि म्हणाली की आणखी एका वावराचा हिस्सा आम्ही देतो, त्यांना कळव.

बाबांचे गुडघे दुखतात. जिप्सीत जमेल का? आणि जंगलातल्या जामणी, नवेगाव इथं काय दिसतं?

कोलारा गेटची गाईड

जमेल जी. बाबांना मागच्या उंच सीटवर चढवू नका, ड्रायव्हरच्या बाजूला बसवा, गेटवर आधी सांगितलं तर होते. सकाळच्या फेरीला कानटोपी आणि घोंगडी ठेवा, उघड्या गाडीत वारा लागते. ड्रायव्हरला वाघासाठी घाई करू नका, म्हणजे गाडी सावकाश चालते आणि हिसके कमी बसतात.

जामणी, नवेगावला आता कुरण आहे. चितळांचे कळप असतात, रानगवे येतात, नशीब असलं तर कोळसून, म्हणजे रानकुत्रे. पण तिथं गावं होती दादा, उठून बाहेर गेली तेव्हा हे कुरण झालं. मी पाहुण्यांना घरं, देऊळ, विहीर कुठं होती ते दाखवते. बाबा वावरातले आहेत, त्यांना आवडेल. सफारीची तारीख पक्की झाली की इथंच लिहा. नंबर पाळीनं लागते, माझ्याच गाडीत याल असं सांगता येत नाही, पण त्या दिवशी मी गेटवर असलीच तर बाबांना भेटीन.