मदत हवी आहे: चित्रकथेतल्या नायिकेचं ब्लाउज चुकलंय म्हणतात, शुक्रवारपर्यंत द्यायचंय

रंगपेटी२२: फँटसी चित्रकथा करतेय, नायिका नऊवारीत आहे, बावीस पानं रंगवून झाली आणि आता संपादक म्हणतात ब्लाउज त्या काळातलं वाटत नाही. गुगलवर नुसते लग्नातले फोटो येतात, मागून काष्टा कसा दिसतो त्याचा एक धड फोटो नाही. प्लीज लवकर सांगा.

जुनापुराणा: त्या काळातलं म्हणजे कुठल्या? शिवकाळ, पेशवाई, इंग्रजी अमल? आणि कुठल्या घरातली बाई? नऊवारी सगळ्यांची एकसारखी नसते.

नीलांबरी: ब्लाउजला काय काय काढलंय तेही लिहा ना.

रंगपेटी२२: अरे हो राहिलंच. पुणे, साधारण १७७०, वाड्यातली ब्राह्मण बाई, सवाष्ण. विहिरीशी बोलते आणि रात्री कौलांवरून पळते. ब्लाउजला मागे बटणं, पदर खांद्यावर पिन केलाय, साडी भडक जांभळी.

दत्ता_सातारकर: राजा रविवर्म्याची चित्रं बघा, त्यात नऊवारीतल्या बायका आहेत, विषय संपला.

जुनापुराणा: कसा संपला? रविवर्म्याचा जन्मच १८४८ चा. तुमची नायिका त्याच्या पाऊणशे वर्षं आधीची. आधी ती पिन काढून टाका, सेफ्टी पिनचं पेटंट १८४९ चं आहे, अमेरिकेतलं. बटणंही काढून टाका. त्याऐवजी खणाची चोळी दाखवा, पुढे छातीखाली दोन टोकांची गाठ, बाहीच्या कडेला खणाचा काठ. आत परकर नाही. बघायचंच असेल तर वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतींवर चित्रं आहेत. जेम्स वेल्स हा इंग्रजांकडचा चित्रकार १७९० च्या दशकात पुण्यात होता, त्याचीही बघा.

कोकणी_मेवा: फँटसी आहे ना? विहीर बोललेली चालते आणि बटण चालत नाही, हे मला पटत नाही.

नीलांबरी: विहीर बोलते म्हणूनच बाकीचं खरं पाहिजे, वाचणाऱ्याला वाडा खरा वाटला तरच विहिरीचं ऐकेल तो. आणि रंगाचं कोणीच बोललं नाही. तो भडक जांभळा रासायनिक रंग पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये शोधला. त्याआधी नीळ आणि लाल एकावर एक चढवून जांभळट व्हायचं पण ते खोल, मंद. भडकच हवं तर कुसुंबी घ्या, करडईच्या फुलांचा गुलाबी. तो धुण्यात आणि उन्हात उतरतो, म्हणून रोजच्या साडीला थोडा विटलेला दाखवा.

पैठणी_माझी: शिवलेली नऊवारी मिळते हल्ली, दोन मिनिटांत नेसून होते. आणि पैठणी असेल तर मलमलच्या कपड्यात ठेवा, घडी मधूनमधून बदला, नाहीतर जर घडीवर तुटते.

रंगपेटी२२: ताई मला नेसायची नाहीये, काढायचीय. काष्टा मागून??

सुमनमावशी: अगं मी सांगते. माझी आजी शेवटपर्यंत नऊवारीच नेसायची. निऱ्या पायांमधून मागे घेऊन कमरेला खोचायच्या, मागून बघशील तर काठ कमरेपासून मधोमध खाली उतरतो. पुढे पोटाशी ओचा, त्यात तिची कपाटाची किल्ली आणि सुपारीचं खांड असायचंच. कुंकू लावताना आधी बोटाने मेण, मग त्यावर पिंजर, म्हणून कडा अगदी गोल यायची. आणि आमच्याकडे सवाष्ण बायका डोक्यावर पदर घ्यायच्या नाहीत.

दत्ता_सातारकर: आमच्याकडे घ्यायच्या. डोक्यावरचा पदर कधी ढळलेला बघितला नाही.

जुनापुराणा: तुमचं घर मराठ्यांचं, त्यांचं ब्राह्मणांचं. म्हणूनच पहिल्यांदा घर विचारलं होतं.

रंगपेटी२२: मावशी, ओच्याचं लाख मोलाचं सांगितलंत, विहिरीतला खडा ती कुठे ठेवते हेच अडलं होतं. आत्ता आईच्या पेटीतल्या जुन्या चोळीला गाठ मारून बघितली, टोकं चार बोटं लोंबतात, पळताना ती टोकं उडणार, पान १४ नव्याने काढतेय. पायात काय दाखवू?

सुमनमावशी: अनवाणीच. पण सवाष्ण आहे, पायात जोडवी असणार, कौलांवर वाजतील बघ.