मदत हवी आहे : देवगडच्या भिंतींतले पिंपळ

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे सात-आठ जण सुट्टीच्या दिवशी देवगडला जातो. कोकणातला नव्हे, छिंदवाड्याजवळचा गोंड राजांचा किल्ला. 1702 मध्ये आपलं नागपूर वसवणाऱ्या बख्त बुलंद शाहाची राजधानी तिथेच होती, म्हणून जीव अडकलाय.

आम्ही वाटेवरचा कचरा उचलतो, मोती टाक्याभोवती साफसफाई करतो, फोटो काढून नोंदी ठेवतो. मागच्या खेपेला नगारखान्याच्या भिंतीतलं बोटाएवढं पिंपळाचं रोप मी ओढलं, तर मुळांसोबत मूठभर चुना आणि दगडाची कपची हातात आली. फार वाईट वाटलं. तेव्हापासून भिंतीला हात लावणं बंद केलंय. नुसतं वरून छाटलं की पावसाळ्यात दुप्पट फुटतं.

चुन्याच्या जुन्या बांधकामावर काम केलेलं कोणी आहे का? मुळं कशी मारायची, भेगेत काय भरायचं? सिमेंट नको, एवढं माहीत आहे. पुरातत्त्व खात्याकडे परवानगीचा अर्ज कसा लिहायचा, तेही सांगा. आणि भोसलेकालीन मोडी कागद वाचणारं कोणी असेल तर कृपया कळवा, देवगडचे उल्लेख शोधायचे आहेत.